बंद करून बघायचं, चालू करून बघायचं

वालावलकरांनी माझ्या दाराची बेल कधी विषम मिनिटाला वाजवली नाही. पाच तीसला वाजेल, पाच बत्तीसला वाजेल, पण पाच एकतीसला नाही. एकतीस झाली असली तर ते बाहेर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे. दाराच्या भोकातून मला दिसायचे. मी आतून ओरडायचे, "भाऊजी, वाजवा की, कोण बघतंय?" तरी बत्तीस झाल्याशिवाय बोट बेलवर जायचं नाही.

विक्रोळीला हायवेच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला आमची चार मजली बिल्डिंग आहे. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि माझं दार शेजारी. मधली भिंत एका विटेची. त्यांना शिंक आली की मला कळायचं, आणि माझी मालिका कुठवर आली ते त्यांना. माझे मिस्टर गिरणीतले. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करता करता वारले. वालावलकर कारखान्यात मेंटेनन्सला होते आणि रिटायर होऊन घरी बसले होते. आम्ही सगळे कुडाळकडचे, म्हणून पहिल्या दिवसापासून मी परबवहिनी आणि ते भाऊजी.

हे सम मिनिटाचं वेड त्यांच्या यंत्रामुळे. त्यांच्याकडे सरकारी लायसनवाला रेडिओ होता. गाण्याचा नव्हे. जगात कुठे कुठे अशीच माणसं घरात रेडिओ लावून बसतात आणि एकमेकांना पकडतात. तरुणपणी ते त्यात बोलायचे. माझं लग्न नवीन असताना भिंतीपलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकून मला वाटायचं, ह्या माणसाचं काहीतरी बिनसलंय. म्हातारपणी त्यांनी बोलणं सोडलं आणि कॉम्प्युटर जोडला. मी चौथी शिकलेली बाई आहे. त्यांनी मला जेवढं सांगितलं तेवढंच लिहिते.

दिवाळीच्या माळेतल्या एका दिव्याला जेवढी वीज लागते, तेवढ्या विजेवर दूरच्या देशातला कोणीतरी आपलं नाव, आपलं ठिकाण आणि आपली ताकद किती, एवढंच पाठवतो. ते पाठवायला दोन मिनिटं लागतात. सम मिनिटाला सुरू व्हायचं, पुढच्या सम मिनिटाच्या आत संपायचं. सगळ्या जगाची घड्याळं जुळलेली पाहिजेत, दोन सेकंद मागेपुढे झालं की गेलं. ते कानाला ऐकू येत नाही. सगळ्या खरखरीच्या खाली कुठेतरी दबलेलं असतं. कॉम्प्युटर दोन मिनिटं ऐकून त्यातून एक ओळ शोधून काढतो. पडद्यावर निळं पाणी खाली वाहिल्यासारखं दिसतं आणि त्यात साडीच्या काठातल्या जरीसारखी पिवळी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे माणूस.

"मग पुढे काय बोलता?" मी विचारलं होतं.

"काही नाही."

"कसे आहात, जेवलात का, काहीच नाही?"

"परबवहिनी, तो आहे एवढं कळलं ना. पुरे."

मला काही ते पुरेसं वाटलं नव्हतं. पण कारखान्यात तीस वर्षं मशिनींच्या गडगडाटात काढलेल्या माणसाला पुरत असेल.

त्यांची अँटेना म्हणजे एक लांब तार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला बांधलेली. मी गच्चीवर कोकमाची सोलं वाळत घालायचे, तेव्हा कावळे त्या तारेवर रांगेत बसून माझ्या चादरीवर घाण करायचे. त्यावरून आमचं दर मे महिन्यात भांडण. दुसऱ्या दिवशी सोलांवर जुनी मच्छरदाणी ताणलेली असायची, चारी कोपरे तारेने घट्ट.

हात मात्र सोन्याचे. बिल्डिंगमध्ये कोणाचं काही बिघडलं की वालावलकर. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर. पण दुरुस्त झालं म्हणून लगेच हातात द्यायचे नाहीत. चालू करायचे, बंद करायचे, परत चालू, परत बंद. माझा मिक्सर एकदा त्यांनी असा आठ वेळा फिरवला. मी म्हटलं, भाऊजी, आता चटणी वाटू की तुमची आरती करू? तेव्हा त्यांनी त्यांचं नेहमीचं सांगितलं.

"बंद करून बघायचं, चालू करून बघायचं. एकदा बघितलं तर तो संशय असतो, वहिनी. दोन्ही बघितलं तर खात्री."

कारखान्यात नवीन आलेल्या प्रत्येक पोराला त्यांनी हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं, असं सुमन सांगायची.

सुमन त्यांची बायको. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सत्तरीतही बोटांना लाल नेलपॉलिश लावायची. मी तिला तोंडावर म्हणायचे, आता कोणाला दाखवायचंय? ती म्हणायची, भांड्यांना. त्या नेलपॉलिशचं आणखी एक काम होतं. त्यांच्या घरी शाळेत असतो तसा पृथ्वीचा प्लॅस्टिकचा गोळा होता, मुलगी शिल्पा लहान असताना आणलेला. वालावलकरांनी नवीन ठिकाण पकडलं की ते हाक मारायचे आणि सुमन येऊन त्या जागेवर ब्रशने एक लाल ठिपका ठेवायची. ठिपका तिनेच ठेवायचा. त्यांनी ठेवला तर पसरायचा. गोळा देवी आलेल्या पोरासारखा दिसायला लागला होता. रशिया, जपान, आफ्रिका, सगळीकडे लाल. फक्त एका बाजूचा समुद्र कोरा होता.

ती बाजू आपल्या बरोबर उलटी. विक्रोळीतून सरळ खाली भोक पाडलं तर जिथे निघेल तिथे पाणीच पाणी आहे, आणि त्याच्या जवळात जवळ एक लहानसं बेट. वालावलकरांना ते बेट पाहिजे होतं. गेली चार वर्षं त्यांचं तेच चाललं होतं. आपल्याकडे दिवस मावळतो तेव्हा तिकडे उजाडतं, आणि त्या तासाभरातच तिकडचं इकडे येण्याची शक्यता. म्हणून संध्याकाळी साडेसहा ते साडेसात ते जागचे हलायचे नाहीत.

त्या वर्षी गणपती गेले आणि सुमनला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. हॉस्पिटलातून घरी आणली ती पाठीवरच. शिल्पा मुलुंडला राहते, नोकरी करते, रोज येऊन जायची. तिने हवेची गादी आणली. गादीला एक पंप असतो. तो गादीतले फुगे आळीपाळीने भरतो आणि सोडतो, म्हणजे पेशंटची एकच जागा दबून राहत नाही. पंप दिवसरात्र चालू ठेवायचा, असं शिल्पाने माझ्यासमोर बापाला दोनदा सांगितलं. खाट माझ्या भिंतीला लागून होती. पंप पायाकडे अडकवलेला, भिंतीला टेकून.

वालावलकरांनी बायकोचं केलं. हे मी आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी वेगळं समजेल. अंग पुसणं, भरवणं, घाण काढणं, सगळं. कुशीवर वळवायला मी जायचे, कारण ती अंगाने भरलेली होती आणि एकट्याला ते झेपत नव्हतं. वेळेवर औषध, तेही सम मिनिटाला. डाव्या हाताची नखं ते स्वतः रंगवायचे. पसरायचं. ती हसायची, अर्ध्या तोंडाने.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या रेडिओत घाण यायला लागली. घाण म्हणजे खरखर. निळं पाणी सगळं पिवळं झालं, एक रेघ दिसेना. ते म्हणाले, कुठल्यातरी विजेच्या वस्तूचं आहे, आसपासच. मग हातात लहान रेडिओ घेऊन ते बिल्डिंगभर फिरले. प्रत्येकाच्या दारात उभे राहायचे, रेडिओ टीव्हीला लावायचे, फ्रिजला लावायचे, माशांच्या टाकीला लावायचे. लोक हसायचे. वरच्या मजल्यावरच्या बाईने विचारलं, काका, भूत शोधताय काय?

माझ्या दारात आले त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. गुडघा सुजला होता आणि गावच्या घराच्या हिश्श्यावरून दिराचा फोन येऊन गेला होता. मी दारातच आडवी उभी राहिले.

"माझ्या घरात टीव्ही आहे आणि मी आहे. दोघांतलं कोण खरखर करतं ते मला माहीत आहे."

"दोनच मिनिटं, वहिनी."

"तुमची दोन मिनिटं मला ठाऊक आहेत. बायको तिथे पडलीय आणि तुम्ही रेडिओ घेऊन लोकांची घरं हुंगताय. जावा."

ते गेले.

मग त्यांनी आपल्याच घरात रेडिओ फिरवला. सगळ्यात जास्त खरखर सुमनच्या खाटेच्या पायाशी, भिंतीजवळ. तिथे पंप. त्या संध्याकाळी सहा तीस झाल्यावर त्यांनी पंपाचं बटण बंद केलं. खरखर त्याच क्षणी गेली. निळं पाणी स्वच्छ वाहायला लागलं. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून मला राग आला. पोराला पतंग सापडल्यासारखं तोंड.

"अहो, पण बाई फुसक्या गादीवर झोपणार?"

"तासभरच. साडेसातला लगेच लावतो. सुमनला विचारून केलं."

मी सुमनला विचारलं. ती जड जिभेने म्हणाली, "रवांदे गो. तासभर मी कातळार पण निजतलंय." आणि डोळ्यांनी गोळा दाखवला. तो तिच्या उशाशी स्टुलावर ठेवलेला होता, कोरी बाजू तिच्याकडे करून.

घाई होती, तीही खरी. त्या बेटावर कोणी परदेशी माणूस काही महिन्यांपुरता राहायला गेला होता आणि त्याने असलंच एक बारीकसं यंत्र तिथे लावलं होतं. वर्ष संपलं की तो उचलून नेणार होता. वालावलकरांनी इंटरनेटवर वाचलं होतं. त्यांना वाटत होतं, तो गेला की आपल्या हयातीत परत कोणी जाणार नाही. सुमनलाही तसंच वाटत असणार. नाहीतर ती एवढी जिद्दीने त्या गादीवर पडून राहिली नसती.

मी रोज साडेसहाला खाली कट्ट्यावर जायचे. मालिका संपली की जायचं आणि साडेसातच्या मालिकेला परत यायचं. दिवाळी होऊन गेल्यावर एकदा गार वारा सुटला म्हणून लवकर वर आले, आणि स्वतःचं दार न उघडता आधी त्यांच्याकडे गेले. सात वाजून गेले होते. वालावलकर पडद्यासमोर पुढे वाकून बसलेले. सुमन गादीत खाली गेलेली, पाठीची हाडं फळीला लागली असणार. तिने मला बघून डोळ्यांनीच नको म्हटलं. मी कसली ऐकते.

"भाऊजी, बायको फळीवर झोपलीय."

"दोन मिनिटं. आता बाराला सुरू होईल."

"बारा नाही नि चौदा नाही," असं म्हणून मीच वाकले आणि पंपाचं बटण दाबलं. पंप घुरघुरला. मी रागाने घरी आले, मेन स्विच वर केला, दिवे लावले. पाच मिनिटांत बेल. सात अठराला.

"बघा, वहिनी. पंप लावलात नि घाण आली."

"घाण तुमच्या डोक्यात आहे," मी म्हटलं आणि दार लावलं.

त्यानंतर आठवड्याभराने मी साडेसातला कट्ट्यावरून वर आले, तोच भिंतीपलीकडून त्यांनी मला हाक मारली. कधी हाक न मारणारा माणूस, "वहिनी, वहिनी" करत भिंतीवर थापा मारत होता. मला वाटलं सुमन गेली. धावत गेले तर दोघं रडत होती. पडद्यावर एक ओळ. बेट. दिव्याच्या माळेतल्या एका दिव्याएवढ्या विजेवर पृथ्वीच्या पाठीकडून आलेलं. एकदाच आलं, परत आलं नाही. वालावलकरांनी गोळा धरला आणि सुमनने डाव्या हाताने ठिपका ठेवला. ठिपका बेटापेक्षा मोठा झाला, समुद्रात ओघळला. तो तिने ठेवलेला शेवटचा.

मार्गशीर्षात तिला कुशीवर वळवताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. पंधरा दिवसांत त्याची जखम झाली. चट्टा दिसला त्याच दिवसापासून वालावलकरांनी रेडिओ बंद केला. पंप एक क्षण थांबला नाही. नर्सबाई ड्रेसिंगला यायच्या. मी त्यांना बाहेर पॅसेजमध्ये गाठून विचारलं, रोज तासभर पंप बंद होता, त्यानं झालं का? त्या म्हणाल्या, आजी, अशा पेशंटना कितीही काळजी घेतली तरी होतं, नाही असं सांगता येत नाही आणि हो असंही. मी हे वालावलकरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे खात्री नाही." आणि मान खाली घातली.

जखम आत गेली. ताप यायला लागला. थंडी संपता संपता सुमन गेली. भरल्या गादीवर गेली.

बारावं-तेरावं झालं. गादी आणि पंप शिल्पाने पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका म्हाताऱ्यासाठी दिला. वालावलकर महिनाभर दार लावून बसले. मी भाकरी-भाजी द्यायचे, ती दार किलकिलं करून घ्यायचे. मग एक दिवस दुपारी चार आठला बेल वाजली. हातात तो लहान रेडिओ.

"मशीन लावलं होतं, वहिनी. घाण आहे अजून."

मी बाजूला झाले. बायको गेलेल्या माणसाला दारातून कोण परतवतं? ते आत आले, रेडिओ फ्रिजला लावला, ट्यूबला लावला, आणि मग टीव्हीच्या फळीपाशी गेले. फळी मधल्या भिंतीला आहे. रेडिओ खरखर करत ओरडायला लागला. टीव्हीच्या केबलच्या डब्याला वीज देणारं एक काळं अडॅप्टर असतं. पहिलं जळलं म्हणून मी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून दुसरं आणलं होतं. कधी आणलं होतं ते मला तेव्हाच आठवलं. नवरात्रात. पंप आला त्याच आठवड्यात.

त्यांनी प्लगवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मीच वाकून तो उपटला. रेडिओ गप्प झाला.

त्यांनी प्लग परत घातला. खरखर. काढला. गप्प. घातला. काढला. मी मोजलं नाही, पण मिक्सरच्या वेळेपेक्षा जास्त झालं असेल.

"परबवहिनी, तुम्ही संध्याकाळी खाली किती वाजता जाता?"

"साडेसहाला. मालिका संपली की."

"तेव्हा हे चालूच असतं?"

"नाही. मेन बंद करून जाते. आमच्या ह्यांनी लावलेली सवय."

"आणि येता साडेसातला."

"साडेसातला."

मी चौथी शिकले असले तरी तेवढं मला कळलं. ज्या मिनिटाला ते पलीकडे पंप बंद करत होते, त्याच मिनिटाला मी अलीकडे मेन खाली करत होते. मी परत येऊन मेन वर करायचे, तेव्हा ते पंप लावायचे. गुडघा दुखतो म्हणून मी ज्या संध्याकाळी घरात राहिले, त्या संध्याकाळी ते म्हणत होते, आज वर हवा बरी नाही. गार वाऱ्याच्या दिवशी पंप मी लावला आणि घाणही मीच लावली.

ते सोफा सोडून जमिनीवर बसले. भिंतीला पाठ लावून, पलीकडे जिथे खाट होती तिथेच.

"मी बंद करून बघितलं," ते म्हणाले. "तासाच्या मध्ये एकदाही चालू करून बघितलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. तेवढ्यात ते बेट आलं नि गेलं तर, असं वाटलं."

मी म्हणू शकले असते की चूक माझी, मी तुम्हाला दारातून हाकललं. मी चहा टाकला. कप त्यांच्यासमोर ठेवला आणि मग म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला आत घ्यायला पाहिजे होतं."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला अजून समजलेलं नाही. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी ते नवीन अडॅप्टर घेऊन आले. चांगल्या दुकानातलं. स्वतः लावलं, रेडिओ लावून बघितला, बंद करून, चालू करून. पण त्यांनी यंत्र परत कधी लावलं नाही.

मग चैत्रात एक दिवस मी त्यांच्याकडे वाटली डाळ द्यायला गेले, तर गोळा मांडीवर घेऊन बसलेले. हातात कापूस आणि नेलपॉलिश काढायची ती बाटली, सुमनचीच. समुद्रातल्या ठिपक्यावर कापूस टेकवलेला.

"काय करताय?"

"हा चुकीचा आहे, वहिनी. हा असा घ्यायला नको होता."

"ठिपका तिने ठेवलाय. तुमचा नाही तो. हात लावू नका."

मी वाटी ओट्यावर ठेवली आणि कापूस त्यांच्या बोटांतून काढून कचऱ्यात टाकला. ठिपक्याची एक कड गेली होती. बाकी होता.

जूनमध्ये शिल्पा त्यांना मुलुंडला न्यायला आली. सामान आवरताना ती माझ्याकडे पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "काकी, बाबांनी मला सगळं सांगितलं. पंप बंद ठेवायचे ते. तीन दिवस मी बोलले नाही त्यांच्याशी." मग पेला खाली ठेवून म्हणाली, "आणि एवढं करून पंपाचा दोषच नव्हता म्हणे. खरखर रस्त्यावरच्या दिव्यातून येत होती."

रस्त्यावरचा दिवा. ह्या माणसाने आयुष्यात एकही माप खोटं सांगितलं नव्हतं. घड्याळ अर्धं सेकंद मागे असलं तरी सांगायचे.

मी शिल्पाला तेव्हा खरं सांगितलं नाही. तिला उशीर होत होता, टेम्पो खाली उभा होता, ही कारणं झाली. सांगितलं नाही, एवढंच खरं. म्हणून आता लिहिते. शिल्पा, दिवा रस्त्यावरचा नव्हता. माझ्या टीव्हीचा डबा होता, आणि तुझे बाबा तपासायला आले तेव्हा मी त्यांना दारातून परत पाठवलं होतं.

तार त्यांनी सकाळीच उतरवली होती. मी गच्चीवर होते. टाकीची गाठ सोडून ते कोपर आणि पंजाभोवती तार गुंडाळत होते, बायका लोकर गुंडाळतात तशी. शेवटचं टोक आलं तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

संध्याकाळी मी नेहमीसारखी कट्ट्यावर उतरले. टेम्पो भरून झाला होता. वालावलकर ड्रायव्हरशेजारी बसले होते, गोळा मांडीवर. शिल्पा रिक्षाने मागून येणार होती, ती टेम्पोजवळ उभी होती. ठिपका माझ्या बाजूला होता, कडेला खाल्लेला, लाल. ड्रायव्हरने गाडी चालू केली. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं आणि खिडकीतून मान बाहेर काढली. मला वाटलं, आता बोलतील. मुलीसमोर बोलतील.

"परबवहिनी, मेन बंद केलात ना?"

"केला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि ड्रायव्हरचा हात सोडला.